पोर्टेबल जनरेटर घराला जोडायचा तर चेंजओव्हर कुठला घ्यावा? बाजारातल्या पर्यायांची पारख

दोन ते पाच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घेताना लोक इंजिन, पेट्रोलचा खप, आवाज यांवर भरपूर खल करतात. तो घराच्या वायरिंगला जोडायचा कशाने, हा प्रश्न मात्र जनरेटर टेम्पोत चढवताना निघतो, आणि काउंटरवरून उत्तर येतं, "वायरमन करून देईल." म्हणून हे परीक्षण जनरेटरचं नाही. जनरेटर आणि घराचा बोर्ड यांच्यामध्ये बसतो आणि घर लाइनवर की जनरेटरवर ते ठरवतो, त्या चेंजओव्हर स्विचचं आहे.

निकाल आधीच सांगतो. सिंगल फेज घरासाठी डीन रेलवर (बोर्डातल्या धातूच्या पट्टीवर) बसणारा, १-०-२ (लाइन, बंद, जनरेटर) अशा तीन स्थितींचा, डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) मॉड्युलर चेंजओव्हर घ्यावा. ४० किंवा ६३ अँपिअरचा. थ्री फेज घरासाठी तसाच फोर पोल, किंवा पत्र्याच्या पेटीत येणारा हँडलवाला ऑन-लोड (लोड चालू असतानाही फिरवता येणारा) चेंजओव्हर. हॅवेल्स, एचपीएल, सी अँड एस, एल अँड टी स्विचगिअर (२०२४ पासून नाव लॉरित्झ नुडसन) यांचे चेंजओव्हर मुंबईच्या लोहार चाळीत, पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतात, तालुक्याच्या गावी मागवून मिळतात. ब्रँडपेक्षा पोल किती, मधली ० स्थिती आहे की नाही आणि रेटिंग काय, या तीन गोष्टींनी जास्त फरक पडतो.

या वस्तूकडून अपेक्षा एकच: महावितरणची लाइन आणि जनरेटर एकाच वेळी घराला जोडले जाणं यंत्ररचनेनेच अशक्य व्हावं. कुणाच्या लक्षात राहण्यावर ते अवलंबून नको. अंधारात, पावसात, घरात कुणी आजारी असताना जनरेटर सुरू करायची वेळ येते. त्या घाईत आधी मेन (घराचा मुख्य स्विच) पाडायचा हे शंभरदा आठवेल आणि एकदा आठवणार नाही.

त्या एका वेळी काय होतं ते समजून घेतलं की स्विचची निवड आपोआप कडक होते. जनरेटरची वीज बोर्डातून मीटरमार्गे उलटी पोलवर, म्हणजे विजेच्या खांबावरच्या तारांवर, जाते. लाइनवर काम करणारे याला रिटर्न सप्लाय म्हणतात. वितरण ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्ट ४३३ वर उतरवतो. उलट्या बाजूने वीज आली की तोच ट्रान्सफॉर्मर ती चढवतो, आणि घरातले २३० व्होल्ट पलीकडच्या तारांवर १० हजारांच्या घरात जातात. "एवढासा जनरेटर, गल्लीचा लोड आला की बंदच पडेल," असं अनुभवी लोकही म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. वादळात तार तुटून पोलवर दोन-तीनच घरं जोडलेली राहिली असतील, किंवा खालच्या बाजूचा फ्यूज काढलेला असेल, तर गल्लीचा लोड नसतोच. जनरेटर न दमता चालत राहतो, आणि महावितरणचा जनमित्र (लाइनमन) नेमका त्याच तारेवर काम करत असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीत विजेचे पोल मोठ्या संख्येने आडवे झाले आणि कित्येक गावं दीर्घकाळ अंधारात राहिली. अशा वेळी गावातल्या कुठल्या घरात जनरेटर चालू आहे आणि तो कसा जोडलाय, हे पोलवर चढलेल्या माणसाला कळायला काही मार्ग नसतो. २३० व्होल्टचा रिटर्न सप्लायसुद्धा त्याचा जीव घ्यायला पुरतो.

उलट बाजूही आहे. जनरेटर जोडलेला असताना लाइट आली, तर दोन्हींच्या लहरी जुळलेल्या नसतात आणि त्या भांडणात जनरेटर हरतो. अल्टरनेटर (जनरेटरचा वीज बनवणारा भाग) जळणं ही त्यातली स्वस्त शक्यता.

आता नापास झालेले पर्याय.

दोन्ही टोकांना पिन टॉप (प्लग) लावलेली वायर: एक टोक जनरेटरला, दुसरं हॉलमधल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला. हिच्याबद्दल चर्चाच नको. एक टोक निघालं की उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट असतात. घरात अशी वायर असेल तर ती आज कापून टाका.

दोन एमसीबी (जास्त करंटवर आपोआप पडणारे स्विच) शेजारी-शेजारी, एक लाइनचा आणि एक जनरेटरचा, "एक पाडायचा मग दुसरा उचलायचा": हा प्रकार व्यवस्थित दिसतो म्हणून जास्त फसवा. दोघांच्या खटक्यांमध्ये अडसर नसेल तर दोन्ही एकदम वर जाऊ शकतात. अमेरिकेत मेन ब्रेकर आणि जनरेटरचा ब्रेकर यांच्यामध्ये सरकणारी पट्टी बसवतात, एक वर असताना दुसरा वर जाऊच शकत नाही. पण ती पट्टी त्या-त्या पॅनेलसाठी घडवलेली असते. आपल्या डीबीवर (एमसीबी बसवलेल्या घरातल्या बोर्डावर) तिची पत्रा कापून केलेली नक्कल चालवू नये.

उघडा नाइफ स्विच, चिनी मातीच्या तळावरचा, दोन्हीकडे पडणारा: अडसर आहे, एका वेळी एकच बाजू लागते. तरी नापास, कारण जिवंत भाग उघडे असतात आणि दमट हवेत पाती काळी पडून गरम होतात. जुन्या दुकानांतून, गिरण्यांतून अजून दिसतो. दिसला तर बदला.

एसीसीएल, म्हणजे सोसायटीच्या फ्लॅटमध्ये बसवतात तो ऑटोमॅटिक चेंजओव्हर: वस्तू चांगली, काम वेगळं. सोसायटीच्या मोठ्या जनरेटरवर प्रत्येक फ्लॅटने ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त लोड घेऊ नये, यासाठी तो आहे. स्वतःच्या पोर्टेबल जनरेटरसाठी त्याच्यावर पैसे घालू नयेत.

ऑनलाइन मिळणारे डीन रेलचे ऑटोमॅटिक ट्रान्सफर स्विच: यावर जरा थांबायला हवं, कारण हल्ली सगळ्यात जास्त विचारणा यांचीच होते. जनरेटर दोरी ओढून सुरू होणारा असेल, तर ऑटोमॅटिक स्विचचा उपयोगच काय? सुरू तर हातानेच करायचा आहे. शिवाय इंजिन पहिल्या काही सेकंदांत स्थिर नसतं, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी वरखाली होतात. स्वस्त ऑटोमॅटिक स्विच व्होल्टेज दिसताच घर जोडून टाकतो आणि अख्खा लोड थंड इंजिनावर पडतो. काहींना ० स्थिती नसते. दोन कॉन्टॅक्टर (विजेने खेचले जाणारे स्विच) घेऊन घरगुती बनवलेल्या पॅनेलमध्ये तर नुसता विजेचा इंटरलॉक, म्हणजे एक लागला असताना दुसऱ्याला अडवणारी रचना, असतो. एका कॉन्टॅक्टरचे संपर्क चिकटून बसले की तो इंटरलॉक कुचकामी. बॅटरी स्टार्ट जनरेटर, त्याच्याशी जुळणारं कंट्रोलर पॅनेल, मेकॅनिकल इंटरलॉक आणि आयईसी ६०९४७-६-१ (अशा स्विचचं मानक) चा शिक्का असं सगळं असेल तर हरकत नाही. पण मग तो खर्च वेगळ्या पट्टीतला होतो.

उरला हाताने फिरवायचा चेंजओव्हर. मॉड्युलर प्रकार एमसीबीसारखाच दिसतो, डीबीत किंवा शेजारच्या छोट्या पेटीत बसतो, आणि खटका मधे थांबतो तेव्हा दोन्ही बाजू तुटलेल्या असतात. ही मधली स्थिती चैन नव्हे. दुरुस्तीच्या वेळी, जनरेटर गरम होईपर्यंत, लाइटचं व्होल्टेज वेडंवाकडं असताना घर पूर्ण वेगळं ठेवायला तीच लागते. पत्र्याच्या पेटीतला हँडलवाला प्रकार आकाराने मोठा, पण त्याच्या टर्मिनलवर जाड ॲल्युमिनियम केबल नीट बसते आणि हँडल कुठल्या बाजूला आहे ते लांबूनही दिसतं. गावाकडे पडवीत बोर्ड असेल तर हाच बरा. उंदीर, पाली आत जाणार नाहीत अशा ग्लँडसह (केबलभोवतीचं घट्ट बूच). रोटरी, म्हणजे गोल नॉबचा कॅम स्विचही चालतो, मात्र पूर्ण घराच्या करंटच्या रेटिंगचा हवा. कंट्रोल पॅनेलसाठीचा १६ अँपिअरचा स्वस्त रोटरी घरावर बसवलेला दिसतो, तो चुकीचा.

रेटिंगमध्येच सर्वाधिक गफलत होते. ग्राहक म्हणतो, "जनरेटर तीन केव्हीएचा, १३ अँपिअर, मग २५ चा चेंजओव्हर पुष्कळ झाला." पण जनरेटर वर्षातून काही तास चालणार, उरलेलं सगळं वर्ष महावितरणचा पूर्ण करंट याच स्विचमधून जाणार. दोन एसी आणि गिझर एकदम चालले की २५ चा स्विच आतून तापतो, टर्मिनलजवळचं प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी. म्हणून चेंजओव्हरचं रेटिंग घराच्या मेन एमसीबीइतकं किंवा जास्त घ्यावं. मेन ३२ चा असेल तर ४० चा, मेन ४० किंवा ६३ चा असेल तर ६३ चा. आणि चेंजओव्हर स्वतः ओव्हरलोडवर पडत नाही. त्याच्या आधी दोन्ही बाजूंना एमसीबी हवाच.

काउंटरवरच पाहून घ्यायच्या गोष्टी: अंगावर आयएस/आयईसी ६०९४७-३ हा मानक क्रमांक आणि एसी-२२ए किंवा एसी-२३ए ही श्रेणी (कुठला चालू लोड तोडता येतो ते सांगणारी) छापलेली हवी. नुसतं "६३ए ४१५व्ही" लिहिलेला बेनामी माल परत द्या. खटका हळूहळू सरकवून पाहा. चांगल्या स्विचमध्ये तो एका बिंदूनंतर स्वतःच झटक्याने बसतो, अर्धवट ठेवता येत नाही. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असला की बीप देणाऱ्या स्थितीवर) लावा. १ वर एक बाजू कॉमनशी (घराकडे जाणाऱ्या सामाईक टर्मिनलशी) जोडलेली, २ वर दुसरी, ० वर कुणीच नाही, आणि हे स्विचच्या दोन्ही पोलवर. एकदा १ आणि २ यांच्या टर्मिनलमध्येही मीटर लावून खटका पूर्ण प्रवास फिरवा. मधे कुठेही बीप ऐकू आला तर तो स्विच घेऊ नका.

डबल पोलचा आग्रह का, तर न्यूट्रलमुळे. "न्यूट्रलमध्ये काय असतं, फेज बदलला की झालं," असं म्हणून सिंगल पोल गळ्यात मारला जातो. त्यात घराचा न्यूट्रल, जनरेटरचा न्यूट्रल आणि पोलवरचा न्यूट्रल कायमचे एक होतात. पोलवर न्यूट्रल तुटला किंवा त्याच्यावर फेज पडला, तर ते व्होल्टेज थेट जनरेटरवर आणि घरातल्या उपकरणांवर येतं. लाइन बंद आहे असं समजून काम करणाऱ्याच्या हातातल्या न्यूट्रललाही घराची वायर लागलेली राहते. म्हणून सिंगल फेजला दोन्ही तारा तुटल्या पाहिजेत, थ्री फेजला चारही. अर्थिंगची तार मात्र कधीच चेंजओव्हरमधून न्यायची नाही. ती अखंड राहते.

आता बसवण्याकडे. हे काम परवानाधारक वायरमन किंवा विद्युत ठेकेदाराचंच. पण घरमालकाला काय बघायचं ते माहीत असेल तर काम नीट होतं. मीटरला आणि सीलला हात लावायचा नाही. चेंजओव्हर मीटरनंतरच्या मेन एमसीबीच्या पुढे आणि डीबीच्या आधी येतो. मेनपासून १ च्या टर्मिनलला, जनरेटरकडून २ च्या टर्मिनलला, कॉमनपासून डीबीतल्या आरसीसीबीला (करंट अर्थकडे गळला की पडणाऱ्या स्विचला). काही मॉडेलमध्ये कॉमन आतून जोडलेला असतो, काहींत बाहेरून लूप द्यावे लागतात, आणि वरखालीची मांडणी कंपनीगणिक बदलते. म्हणून आकृती बघितल्याशिवाय जोडायला घेऊ नये. एक चूक इथे जीवघेणी आहे: सवयीने लाइनची केबल कॉमनला आणि घराची १ ला लागली, तर १ वर सगळं झकास चालतं, कुणाला शंका येत नाही. खटका २ वर नेला की लाइन आणि जनरेटर थेट एकमेकांना जोडले जातात. ज्यासाठी स्विच आणला, नेमकं तेच.

सामान फार नाही. चेंजओव्हर एक, जनरेटरच्या बाजूला डबल पोल एमसीबी एक, भिंतीवर निळा इंडस्ट्रियल इनलेट एक आणि त्याचं जोडीचं कनेक्टर एक, थ्री कोअर फ्लेक्सिबल कॉपर केबल, जनरेटरच्या टोकाला १६ किंवा ३२ अँपिअरचा पिन टॉप, लाइन आली की पेटणारा २३० व्होल्टचा एलईडी पायलट लॅम्प एक, लग आणि फेरुल (वायरच्या टोकांवर दाबून बसवायच्या टोप्या). डीबीत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आधीपासून नसेल तर तोही याच खर्चात बसवून घ्या.

इनलेटची निवड नीट करा. भिंतीवर पिना असलेला भाग हवा आणि केबलच्या टोकाला छिद्रांचं कनेक्टर. उलटं झालं की परत तीच उघड्या पिनांची गोष्ट. आयपी ४४ चा (पाण्याचे शिंतोडे अडवणारा), झाकणाचा, वळचणीखाली, तोंड खाली तिरकं. कोकणात वाऱ्याबरोबर आडवा पाऊस येतो, तिथे आयपी ६७ चा घ्या.

केबलचा हिशोब: तीन केव्हीए म्हणजे २३० व्होल्टला १३ अँपिअर, पाच केव्हीए म्हणजे साधारण २२. तीनसाठी २.५ चौरस मिलिमीटर, पाचसाठी ४. २.५ च्या केबलमधून १३ अँपिअर २० मीटर नेले तर पावणेपाच व्होल्टच्या आसपास पडतात, चालतं. त्याहून लांब असेल तर एक माप वर जा. केबलवर आयएस ६९४ आणि आयएसआय चिन्ह बघा, आणि वापरताना पूर्ण उलगडा. वेटोळ्यात ठेवलेली केबल लोडवर आतल्या आत तापते. पाच केव्हीएचा जनरेटर १६ च्या सॉकेटमधून वापरू नका. त्याला ३२ चं सॉकेट किंवा टर्मिनल असतं, तिथूनच घ्या.

सर्व्हिस केबल ॲल्युमिनियमची असेल तर ती मॉड्युलर स्विचच्या पितळी टर्मिनलमध्ये नुसती खोचू नका. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं, जोड सैल होतो, तापतो. बायमेटल पिन लग लावा, आणि मोकळ्या बारीक तारांना फेरुल.

जनरेटरच्या बाजूचा एमसीबी तीन केव्हीएला १६ अँपिअर, पाचला २०, आणि बी कर्व्हचा (शॉर्टवर कमी करंटला पडणारा) मागा. दुकानात सी कर्व्हच पुढे येतो. सी १६ ला शॉर्ट सर्किटवर तत्काळ पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात, बी १६ ला ४८ ते ८०. छोटा जनरेटर शॉर्ट झाला की इतका करंट देऊच शकत नाही, त्याचं व्होल्टेज कोसळतं. इन्व्हर्टर प्रकारचा (इलेक्ट्रॉनिक्सने वीज घडवणारा) जनरेटर तर स्वतःला बंद करून घेतो. म्हणजे लाइनवर चालताना ज्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा तेच एमसीबी जनरेटरवर सुस्त होतात. माणसाला शॉक लागण्यापासून वाचवायची भिस्त जनरेटरवर असताना आरसीसीबीवरच, आणि तिथेच सगळ्यात मोठी मेख आहे.

लाइनचा न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला बांधलेला असतो. आपण डबल पोल चेंजओव्हरने तो तोडला. बहुतेक छोट्या पोर्टेबल जनरेटरचा न्यूट्रल बॉडीला किंवा जमिनीला बांधलेला नसतो, तरंगता असतो. त्यामुळे फ्रिजच्या बॉडीवर फेज आला तरी अर्थमार्गे परत जायला वाट नाही, आरसीसीबीला फरक दिसत नाही, तो पडत नाही. आणि टेस्टचं बटण दाबलं तर मात्र पडतो! कारण ते बटण फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्येच आतून रोधक जोडतं, त्याला अर्थची गरज नसते. जनरेटर जोडून झाल्यावर टेस्ट बटण दाबून "बघा, सगळं ओके" असं सांगितलं जातं, ते यासाठी पुरेसं नाही.

उपाय: जनरेटरच्या बाजूला, चेंजओव्हरच्या आधी, इनलेटच्या पेटीत न्यूट्रल आणि अर्थ यांचा एकच जोड द्यायचा, आणि तो अर्थ घराच्या अर्थिंगला बांधायचा. हा जोड डीबीत किंवा कॉमनवर देऊ नका. तिथे तो लाइनवरही लागू होतो आणि आरसीसीबी सारखा पडत राहतो. जोडायच्या आधी दोन गोष्टी तपासा. जनरेटर बंद असताना त्याच्या सॉकेटच्या दोन्ही पिन आणि बॉडी यांच्यात कंटिन्युइटी बघा. एखाद्या पिनेशी आधीच जोड असेल तर दुसरा देऊ नका. फक्त तीच पिन घराच्या न्यूट्रलला जातेय याची खात्री करा. मग जनरेटर चालू करून एकेक पिन आणि बॉडी यांच्यामध्ये १५ वॅटचा साधा, तारेचा (फिलामेंटचा, एलईडी नव्हे) दिवा धरा. तरंगत्या न्यूट्रलला दिवा पेटत नाही, जरी मल्टिमीटर दोन्हीकडे ११५ च्या आसपास आकडा दाखवत असला तरी. दोन्ही पिनांवर दिवा मंद पेटला तर वाइंडिंग मधोमध बॉडीला बांधलेलं आहे. तिथे बाहेरून न्यूट्रल-अर्थ जोड दिला की अर्धं वाइंडिंग शॉर्ट होईल. अशा वेळी आणि इन्व्हर्टर जनरेटरच्या बाबतीत नेहमीच, आधी कंपनीचं पुस्तक बघा.

जोड दिल्यावर जनरेटर चालू असताना डीबीत मोजा: फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थही तेवढेच, न्यूट्रल ते अर्थ जवळजवळ शून्य. आणि खरी चाचणी वायरमनने करायची, उपकरणांच्या सगळ्या पिना काढून: सॉकेटचा फेज आणि अर्थ यांच्यामध्ये तोच १५ वॅटचा दिवा. त्यातून ६५ मिलीअँपिअर जातात, आरसीसीबी लगेच पडलाच पाहिजे. आरसीसीबी तपासायचं यंत्र, म्हणजे आरसीडी टेस्टर, असेल तर त्याहून उत्तम. ही चाचणी न करता काम पूर्ण झालं म्हणणाऱ्याला पूर्ण पैसे देऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत.

थ्री फेज घरात सिंगल फेज जनरेटर जोडताना फोर पोल चेंजओव्हरच्या २ च्या बाजूला तिन्ही फेज लूप करून टाकायची पद्धत आहे. घरभर लाइट येते, म्हणून लोकांना आवडते. तांत्रिकदृष्ट्या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. लाइनवर तीन फेजचे करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना बरेचसे खोडतात. लूप केल्यावर त्यांची सरळ बेरीज होते. जुन्या वायरिंगमध्ये दोन-तीन फेजला मिळून एकच न्यूट्रल ओढलेला असेल तर तो पाच केव्हीएवर तापू शकतो. शिवाय थ्री फेज मोटर चालणार नाही, तिच्या स्टार्टरला हात लावायचा मोह नको. आमची शिफारस: फ्रिज, पंखे, दिवे, राउटर आणि एखादा पाण्याचा पंप एवढी सर्किट एका फेजवर, वेगळ्या छोट्या डीबीत घ्या आणि तेवढ्यालाच डबल पोल चेंजओव्हर बसवा. थोडं वायरिंग वाढतं, पण अख्खं घर जनरेटरवर टाकून कुणीतरी गिझर लावण्याची भीती संपते.

घरात बॅटरीवाला इन्व्हर्टर असेल तर त्याचा इनपुट चेंजओव्हरनंतरच्या बाजूलाच राहू द्या, म्हणजे जनरेटरवर बॅटरीही चार्ज होते. १५० एएचच्या बॅटरीचं चार्जिंग अडीचशे-तीनशे वॅट खातं, हे लोडच्या हिशोबात धरा. साध्या अल्टरनेटरच्या जनरेटरवर इन्व्हर्टर यूपीएस मोडमध्ये असेल तर व्होल्टेजच्या चढउतारामुळे तो सप्लाय घ्यायला नकार देतो आणि बॅटरीवरच बसून राहतो. मागचा खटका नॉर्मल मोडवर टाकून बघा.

छतावर ग्रिडला जोडलेलं सोलर असेल तर त्याचं आउटपुट चेंजओव्हरच्या आधी, लाइनच्या बाजूलाच असलं पाहिजे. लाइट गेली की सोलर इन्व्हर्टर नियमाप्रमाणे बंद होतो. तो चुकून चेंजओव्हरनंतर जोडलेला असेल, तर जनरेटरचे २३० व्होल्ट त्याला ग्रिड वाटतात, तो जागा होतो आणि दुपारच्या उन्हात जनरेटरमध्येच वीज ढकलायला लागतो. पेट्रोल इंजिनाला वीज परत घेता येत नाही; व्होल्टेज चढतं आणि घरातली इलेक्ट्रॉनिक्स जातात. सोलर आणि जनरेटर दोन्ही असलेल्या घरांत वायरमनला पहिला प्रश्न हाच विचारा.

वापरण्याचा क्रम पेटीच्या आतल्या बाजूला मोठ्या मराठी अक्षरांत चिकटवा, कारण सुरू करणारी व्यक्ती दर वेळी तीच नसते. डीबीतले सगळे एमसीबी खाली, चेंजओव्हर ० वर. केबल दोन्हीकडे लावून मग जनरेटर सुरू, दोन-तीन मिनिटं रिकामा. चेंजओव्हर २ वर. आधी फ्रिज किंवा पंप, जो सुरू होताना झटका घेतो. तो स्थिरावला की बाकीचे एकेक. एक एचपीचा पंप चालताना साधारण ११०० वॅट घेतो, पण सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढतो, म्हणून दोन केव्हीएवर तो उचलेलच असं धरू नका. पायलट लॅम्प पेटला म्हणजे लाइट आली. पाच मिनिटं थांबून एमसीबी खाली, चेंजओव्हर ०, मग १. जनरेटर दोन मिनिटं रिकामा चालवून बंद, आणि केबल त्यानंतरच काढा. चेंजओव्हरवर ऑन-लोड लिहिलेलं असलं तरी लोड काढून फिरवला की त्याचे संपर्क जास्त टिकतात.

जनरेटर मात्र बाहेरच. जिन्याखाली, पार्किंगमध्ये, बाल्कनीत, अर्धवट शटर उघड्या दुकानात नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. दारं-खिडक्यांपासून किमान ६ मीटर, धुराचं तोंड घरापासून उलट. इनलेट कुठे लावायचा हे या अंतरावरून ठरवा. जवळच्या खिडकीखाली लावला की जनरेटरही तिथेच येऊन बसतो.

सगळं झाल्यावर एक शेवटची तपासणी. लाइट असताना चेंजओव्हर १ वर ठेवा आणि इनलेटच्या पिना मल्टिमीटरने मोजा: पिनांमध्ये शून्य, प्रत्येक पिन ते अर्थ शून्य. मग मेन एमसीबी पाडून, जनरेटर चालू, चेंजओव्हर २ वर, आणि मेनच्या घराकडच्या टर्मिनलवर मोजा. तिथेही शून्यच हवं. एवढ्या दोन ठिकाणी शून्य मिळालं तर मेन उचला. दर वर्षी मे महिन्यात, पावसाळ्याआधी, लाइन बंद करून टर्मिनलचे स्क्रू पुन्हा आवळून घ्या आणि हीच दोन मोजमापं परत करा.